लाकडी जमिनीची निगा
(मंडळाच्या सभेत केलेले भाषण)



गिरगावातल्या जुन्या चाळींत वरच्या मजल्यांवर सागवानी फळ्यांची जमीन अजून दिसते. ती काळवंडली की "यंत्राने घासून घ्या" असा सल्ला मिळतो. पण अशा प्रत्येक घासणीत फळी पातळ होते, खिळ्यांची डोकी वर येतात. गेलेले लाकूड परत येत नाही.

आधी पाण्याचा एक थेंब टाकून पाहावा. तो मोत्यासारखा उभा राहिला, तर रोगण शाबूत आहे. घट्ट पिळलेल्या फडक्याने मळ पुसणे पुरे. थेंब मुरून लाकूड गडद झाले, तर तिथले रोगण गेले. तेवढीच जागा वाळल्यावर बारीक काचकागदाने, लाकडाच्या रेषांच्या दिशेने, हलक्या हाताने घासावी. धूळ टिपून जवसाचे उकळलेले तेल पातळ चोळावे, पाव तासाने उरलेले पुसून घ्यावे आणि दोन दिवस वाळू द्यावे.

एक मात्र विसरू नका. तेलाची फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली, तर आतल्या आत तापून आपोआप पेट घेतात. लाकडी चाळीत हे केवढे संकट! ती लगेच पाण्यात बुडवावीत आणि उघड्यावर एकेक पसरून वाळवावीत.

जमीन नवी दिसली नाही तरी चालेल. जमीन आणि घर दोन्ही टिकली पाहिजेत.