कर्करोग, पेटंट आणि गरिबाचा संसार



कर्करोगाचे निदान झाले की सधन घरात पहिला प्रश्न येतो, रोगी वाचेल ना? गरीब घरात त्याआधी दुसराच प्रश्न उभा राहतो, काय विकायचे? कंबोडिया, लाओस, म्यानमार, व्हिएतनाम आदी आग्नेय आशियातील आठ देशांत साडेनऊ हजार कर्करुग्णांची पाहणी करण्यात आली. २०१५ साली प्रसिद्ध झालेले तिचे निष्कर्ष अस्वस्थ करणारे आहेत. निदानानंतर वर्षभरात २९ टक्के रुग्ण दगावले. ४८ टक्के जगले, पण उपचारांवर वार्षिक कौटुंबिक उत्पन्नाच्या ३० टक्क्यांहून अधिक रक्कम खर्चून. मृत्यू आणि कंगाली या दोन्हींतून सुटले ते जेमतेम २३ टक्के.

हा भार दैवाने लादलेला नाही. त्यातील मोठा वाटा मक्तेदारीचा आहे. भारताला हे फार पूर्वी उमगले होते. न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाच्या आधारे १९७० चा पेटंट कायदा झाला आणि औषधावर नव्हे, तर ते बनविण्याच्या प्रक्रियेवरच पेटंट मिळू लागले. स्वदेशी औषधउद्योग उभा राहिला तो या पायावर. पुढे जागतिक व्यापार संघटनेच्या दडपणाखाली २००५ पासून खुद्द औषधावरही पेटंट देणे भाग पडले. तथापि संसदेने कलम ३(ड) घालून एक दार राखले : जुन्याच औषधाला नवे रूप दिले, पण गुणकारिता वाढली नाही, तर पेटंट नाही.

रक्ताच्या कर्करोगावरील ‘ग्लिवेक’चा खटला याच कलमावर लढला गेला. नोव्हार्टिसच्या गोळ्यांना महिन्याला सुमारे सव्वा लाख रुपये पडत. भारतीय कंपन्यांचे तेच औषध आठ-दहा हजारांत मिळे. १ एप्रिल २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नोव्हार्टिसचा दावा फेटाळला. त्याआधी ९ मार्च २०१२ रोजी बायरच्या ‘नेक्साव्हार’साठी हैदराबादच्या नॅट्को कंपनीला सक्तीचा परवाना मिळाला होता. महिन्याचा खर्च २,८०,४२८ रुपयांवरून ८,८८० वर आला! स्वामित्वशुल्क देऊनही कंपनीला हे परवडले, याचा अर्थ काय तो सुज्ञांनी जाणावा.

पण या विजयाचे ढोल वाजविणाऱ्यांनी हेही ध्यानी घ्यावे की, त्यानंतर भारतात असा दुसरा परवाना दिला गेलेला नाही. नवी औषधे मात्र येतच आहेत, आणि त्यांच्या किमती लाखांत आहेत. नॅशनल कॅन्सर ग्रिडमधील रुग्णालयांनी ४० औषधांची एकत्रित खरेदी केली, तेव्हा सुमारे १,३२० कोटी रुपये वाचले. एकजुटीने घासाघीस केली की किंमत उतरते, हे बाजारात भाजी घेणाऱ्या गृहिणीला कुणी शिकवावे लागत नाही. शासनव्यवस्थेला मात्र ते कळायला फार उशीर झाला.

आणि औषध स्वस्त झाले तरी प्रवासभाडे, बुडालेली मजुरी, शहरातील मुक्काम यांचे काय? परळला टाटा रुग्णालयाच्या आसपास पदपथावर पथारी टाकलेली कुटुंबे मुंबईकरांनी वर्षानुवर्षे पाहिली आहेत. बिहार-बंगालहून आलेला मजूर केमोथेरपीच्या दोन फेऱ्यांमधील तीन आठवडे कोठे काढणार? नाना पालकर स्मृती समितीचे रुग्णसेवा सदन किंवा दादरची गाडगेबाबांची धर्मशाळा यांचे मोल तेथे कळते. अशा निवाऱ्यात खाट मिळाली नाही, तर पुष्कळदा उपचार अर्धवट सोडून गावाची गाडी धरली जाते, आणि रुग्णालयाच्या कागदावर एवढेच उरते : ‘रुग्ण पुन्हा आला नाही.’