दहा मिलिसेकंदांची झोप

आजची गोष्ट माझ्या स्वतःच्या चुकीची आहे.

कॉलेजला असताना वसईतल्या एका क्लाससाठी मी परीक्षेचं छोटं सॉफ्टवेअर लिहिलं. पेपर २० मिनिटांचा. स्क्रीनवरचं घड्याळ असं चालवलं: प्रोग्रामने १० मिलिसेकंद झोपायचं, उठून उरलेल्या वेळेतून १० वजा करायचे, परत झोपायचं. घरी लॅपटॉपवर तपासलं, एकदम बरोबर! परीक्षेच्या दिवशी मात्र सर्व्हरने २० मिनिटांनी पेपर बंद केला, तेव्हा मुलांच्या स्क्रीनवर अजून सात मिनिटं शिल्लक होती. एका मुलीने विचारलं, "दादा, वेळ होता ना अजून?" मी गप्प.

उत्तर नंतर सापडलं. कॉम्प्युटरमधला टायमर ठरावीक अंतराने प्रोसेसरला हाक मारतो. हा क्लॉक इंटरप्ट. हातातलं काम थांबवून ऑपरेटिंग सिस्टिम बघते, कुणाला उठवायचंय का? विंडोजमध्ये ही हाक एरवी सेकंदाला ६४ वेळा येते, म्हणजे दर १५.६ मिलिसेकंदांनी. आपलं विरार स्टेशनच घ्या ना. तुम्ही दहा मिनिटांत प्लॅटफॉर्मवर पोचलात, पण गाडी पंधराव्या मिनिटाला असेल, तर निघणार पंधराव्यालाच. माझे १० असेच १५.६ झाले.

मग घरी बरोबर कसं? तपासताना मागे व्हिडिओ चालू होता! असे प्रोग्राम विंडोजकडे दर १ मिलिसेकंदाला हाक मागू शकतात, आणि तेव्हा एकाने मागितलं की सगळ्यांनाच मिळायचं. विंडोज १० च्या २०२० मधल्या आवृत्तीपासून हे बदललं.

मग कायमच १ का नाही ठेवत? बॅटरी! प्रत्येक हाकेला प्रोसेसर जागा होतो. म्हणून तर लिनक्सने २००७ मध्ये काम नसताना ही ठरावीक हाक बंद ठेवायची सोय आणली. अँड्रॉइड लिनक्सवरच उभं आहे, त्यामुळे तुमच्या खिशातला फोनही निवांत झोपू शकतो.

तर कोड लिहिणाऱ्यांनो, झोपा मोजू नका, घड्याळ बघा. सुरुवातीची वेळ नोंदवा आणि दर वेळी आत्ताच्या वेळेतून ती वजा करा. स्लीप "बरोबर एवढाच वेळ" असं वचन कधीच देत नाही.

पेपर परत घेतला आम्ही. पण त्या मुलीला दोनदा अभ्यास करावा लागला, तो माझ्यामुळे.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!