गाडी निघण्याआधीच ठरवू या

 

हळदीची कामं उरकली की आपल्याकडे माणसं बाहेर पडतात. कुणाचं लग्न असतं, कुणाचा नवस फेडायचा असतो. कुणी माहूरला जातं, कुणी जेजुरीला, कुणी पैसे साठवून तिरुपतीला. आम्ही गटाच्या बैठका घेत गावोगाव फिरतो, तेव्हा या दिवसांत एक प्रश्न बाया हमखास विचारतात. तोही बैठक संपल्यावर, बाजूला घेऊन, हळू आवाजात. "ताई, आमच्या मालकांनी सोडली हो. सहा महिने झाले. पण आता वऱ्हाडात जायचंय आणि सगळे पिणारे आहेत. काय करू?"

आजचं बोलणं याच प्रश्नावर आहे.

घरी असताना दारू सोडलेल्या माणसाला दिवसाचा एक आधार असतो. सकाळी शेत, संध्याकाळी घर, वेळेवर जेवण, लेकरं डोळ्यांसमोर. प्रवासात हे सगळं एकदम सुटतं. जेवणाची वेळ टळते, झोप होत नाही, मानपानावरून कुणीतरी टोचून बोलतं. गाडीभर माणसं असली तरी न पिणारा त्यात एकटाच असतो. व्यसनमुक्तीचं काम करणारे लोक चार गोष्टी बोटांवर मोजायला शिकवतात: भूक, राग, एकटेपणा आणि थकवा. यातली एक जरी वाढली तरी पिण्याची ओढ वाढते. प्रवासात या चारही एकाच दिवशी अंगावर येतात. त्यात "गावाबाहेर आलोय, कोण बघतंय?" ही पाचवी.

यावर एक खरी घडलेली गोष्ट सांगतो. गोष्ट लांबची आहे, अमेरिकेतली, 1935 सालातली. बिल विल्सन नावाचा न्यूयॉर्कचा माणूस शेअर बाजारात काम करायचा. दारूपायी त्याचं सगळं गेलं होतं. बायको लोइस नोकरी करून घर चालवायची. डिसेंबर 1934 मध्ये त्याने दारू सोडली. पाच महिन्यांनी, मे 1935 मध्ये, तो धंद्याच्या कामासाठी अॅक्रन या परक्या गावी गेला. काम फिसकटलं. सोबतचे लोक निघून गेले. शनिवारची संध्याकाळ, खिशात थोडेच पैसे आणि हॉटेलच्या दिवाणखान्यात तो एकटा. एका बाजूला बार, तिथून हसण्याबोलण्याचा आवाज येत होता. त्याच्या मनात आलं, आत जाऊन नुसतं थंडा घेऊन बसू, जरा चार माणसांत बरं वाटेल.

मैत्रिणींनो, हे वाक्य आपल्या ओळखीचं आहे ना? "मी पीत नाही, नुसता त्यांच्यात बसतो, थंडा घेतो." बिलला स्वतःच्याच या विचाराची भीती वाटली. दुसऱ्या बाजूला फोन होता, तो तिकडे वळला. चर्चच्या यादीतून नंबर काढून तो विचारत गेला, "या गावात दारूने गांजलेला कुणी आहे का? मला त्याच्याशी बोलायचंय." शेवटी हेन्रिएटा सायबरलिंग नावाच्या बाईंपर्यंत तो पोचला. त्यांनी दुसऱ्या दिवशी डॉ. बॉब स्मिथ या शल्यविशारदाशी त्याची गाठ घालून दिली. डॉक्टर म्हणाले होते, पंधरा मिनिटंच बसेन. दोघं काही तास बोलत बसले.

पण गोष्ट इथे संपत नाही. डॉ. बॉबनी दारू सोडली आणि थोड्याच दिवसांत डॉक्टरांच्या एका संमेलनासाठी ते रेल्वेने परगावी गेले. प्रवासात पिणं सुरू झालं आणि ते झिंगलेल्या अवस्थेत परतले. बिलने आणि बॉबच्या पत्नी अॅन यांनी त्यांना सांभाळलं. त्यानंतर मात्र डॉ. बॉब परत कधी प्यायले नाहीत. त्यांच्या शेवटच्या पेल्याची तारीख 10 जून 1935 धरतात आणि अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस, म्हणजे ए.ए., तोच आपला स्थापना दिवस मानते. या ए.ए.च्या बैठका आज महाराष्ट्रात मराठीतून होतात. तिथे फी नसते आणि नाव बाहेर सांगत नाहीत. लोइस यांनी पुढे 1951 मध्ये पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी वेगळी संघटना उभी करायला हातभार लावला, कारण घरच्यांनाही बोलायला जागा लागते.

दोन माणसं, दोन प्रवास. डॉ. बॉब शिकलेले होते, शस्त्रक्रिया करणारे होते, तरी प्रवासात घसरले. म्हणून "मन घट्ट असलं की झालं" एवढ्यावर आपण विसंबू नये. बिल सावरला, कारण त्याने वेळेत कुणाला तरी शोधलं. आपल्याकडेही हेच पाहायला मिळतं. पुण्यात 1986 साली डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. तिथेही उपचार घेऊन माणूस घरी गेला की काम संपत नाही, पाठपुरावा चालू राहतो. पत्नींसाठीही त्यांचा गट आहे.

आता आपल्या मातीतलं पाहू. आपल्या नर्सीहून नामदेव महाराजांची पालखी पंढरपूरला जाते. शेगावची पालखीही आपल्या जिल्ह्यातून जाते. दिवसेंदिवस चालणं, थकवा, उघड्यावर झोपणं, सगळं असतं. तरी माळकरी माणसाला वाटेत "घे रे थोडी" असं कुणी म्हणत नाही. का? त्याच्या गळ्यातली माळ आधीच उत्तर देऊन बसलेली असते. त्याला दर वेळी नव्याने नकार द्यावा लागत नाही. शिवाय आजूबाजूची दिंडीही न पिणारी असते. प्रत्येकाने माळ घालावी असं आमचं म्हणणं नाही, तो ज्याच्या त्याच्या मनाचा प्रश्न. पण दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत: नकार आधीच जाहीर असावा, आणि सोबत निवडून घ्यावी.

आमच्या ओळखीच्या एका गटातल्या ताईने हेच केलं. मालकांना सोडून आठ महिने झाले होते. भाच्याचं लग्न निघालं. मामा म्हटल्यावर टाळता येणार नव्हतं. वऱ्हाडाला दोन क्रुझर आणि पोरांचा एक टेम्पो. दोघा नवराबायकोने आदल्या रात्री बसून ठरवलं. टेम्पोत बसायचं नाही, म्हाताऱ्यांच्या आणि बायांच्या गाडीत, पुढे ड्रायव्हरशेजारी बसायचं. पिशवीत भाकरी, शेंगदाण्याची चटणी, केळी आणि पाण्याची बाटली. मांडवात पंगत वाढायचं काम मागून घ्यायचं, म्हणजे हात रिकामे राहत नाहीत आणि पोरांच्या घोळक्यात जायला वेळ नाही. आणि जानवशावर रात्री मुक्काम करायचा नाही, अक्षता पडून जेवणं झाली की एसटीने परत.

सासूबाई म्हणाल्या, "लोक काय म्हणतील? मामा रात्री राहिला नाही म्हणतील." ताई म्हणाली, "आत्याबाई, लोक एक दिवस बोलतील. आपल्याला पुढची वर्षं काढायचीत."

शेजारच्या गावात बारा वर्षांपासून न पिणारे एक काका आहेत. मालकांनी निघताना त्यांना फोन केला आणि परतीला बसस्टँडवरूनही केला. नंतर ते ताईला म्हणाले, मांडवात कुणी ग्लास पुढे केला तेव्हा एवढं जड गेलं नाही. जड गेलं ते बसस्टँडवर. गाडीला उशीर, पोटात भूक, पाय दुखत होते आणि समोरच दुकान. म्हणजे मघाशी सांगितलेल्या चार गोष्टीच. उरलेली केळी आणि काकांचा फोन तिथे कामाला आले.

आणि नकाराचे शब्द? लांबलचक कारण देऊ नये. "आज नको" म्हटलं की उद्याचं आमंत्रण येतं. "गोळ्या चालू आहेत" म्हटलं की "कधी संपतात?" विचारतात. "दाजी, मी सोडलीय. मला चहा द्या." एवढं बास. परत आग्रह झाला तर तेच वाक्य आणि तिथून उठायचं.

आता आपण बायांनी काय करू नये, हेही बोलू. चारचौघांत तोंडाचा वास घेणं, सासरच्यांसमोर जुनं काढणं टाळा. त्याने राग वाढतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, चहात किंवा भाजीत गुपचूप औषध घालू नका. डायसल्फिराम नावाची गोळी पोटात असताना दारू गेली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. जीवही जाऊ शकतो. ही गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने, आणि घेणाऱ्याला माहीत असतानाच घ्यायची असते.

दुसरी गोष्ट. जो माणूस रोज भरपूर पितो, त्याला "यात्रेला जायचंय, आजपासून बंद" असं एकदम करायला लावू नका. अशा माणसाने अचानक बंद केली तर पहिल्या दोन-तीन दिवसांत हात थरथरणं, दरदरून घाम, भास होणं, फिट येणं असा त्रास होऊ शकतो. तो वाटेत झाला तर फार पंचाईत. आधी डॉक्टरांना दाखवा. आणि वाटेतच असं झालं, तर 108 ला फोन करा.

तिसरी गोष्ट गाडीची. ड्रायव्हर प्यायला असेल तर त्या गाडीत लेकरांना घेऊन बसू नका, मग तो सख्खा दीर का असेना. कायद्यात 100 मिलीलिटर रक्तात 30 मिलीग्रॅमहून जास्त दारू सापडली की गुन्हा आहे. पहिल्या वेळेला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही. एक न पिणारा चालक आधीच ठरवा.

आणि एवढं करूनही एखादा घसरला तर? डॉ. बॉब आठवा. "झालं, सगळं वाया गेलं" असं म्हणू नका. आठ महिने न पिता काढलेत, ते काढलेच. दुसऱ्या दिवशी शांतपणे, माणूस शुद्धीवर असताना विचारा, कुठे सुटलं? भुकेला होता, रागात होता, एकटा होता की थकला होता? पुढच्या प्रवासाची तयारी त्या उत्तरातून होते. पण मारहाण झाली तर ती सोसायची नाही. 112 वर मदत मिळते, महिलांसाठी 181 आहे.

शेवटी आपल्या हातातलं बोलू. लग्नघर आपलंही असतं. वऱ्हाडाच्या सरबराईत "पोरांची सोय" म्हणून पैसे काढतात, तेव्हा गटातल्या बाया "आमच्या कार्यात ही सोय नाही" असं म्हणू शकतात. न पिणाऱ्यांसाठी एक गाडी वेगळी ठेवू शकतात. त्या गाडीत बसायला कुणाला लाज वाटू नये, एवढं तरी आपण करू शकतो.

व्यसनाबद्दल सल्ल्यासाठी 14446 आणि मनावर ताण असेल तर 14416, हे दोन्ही सरकारी नंबर मोफत आहेत. बचतीच्या पासबुकाच्या मागे आजच लिहून ठेवा. आणि पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की दहा मिनिटं काढून एकमेकींना विचारा, या महिन्यात कुणाच्या घरचं माणूस प्रवासाला निघालंय आणि त्याच्या शेजारी कोण बसणार आहे.