काजळीतले साठ अणू

रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेल्यांना सॉल्ट अ‍ॅनालिसिस नक्की आठवत असेल. परीक्षानळीत काय आहे ते शिक्षकांना ठाऊक, प्रयोगशाळेतल्या शिपाईमामांना ठाऊक, आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा विद्यार्थ्यांनाही! त्यानं हात बसतो, हे मान्य. पण डोक्यात प्रश्न उठत नाही. तो उठावा म्हणून मी एक काळी पूड सुचवतो, फुलरीनची, म्हणजे कार्बनच्या पिंजऱ्यासारख्या रेणूंची, काजळी.

१९८५ साली ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात क्रोटो, कर्ल आणि स्मॉली यांच्या गटानं ग्रॅफाइटवर लेसरचा मारा केला. वस्तुमानाच्या आलेखावर ७२० पाशी ठळक शिखर उमटलं. कार्बनचं वस्तुमान १२, म्हणजे रेणूत अणू ६०, हाच फुलरीन सी-६०. त्या प्रयोगांत हीथ, ओब्रायन हे विद्यार्थीही राबत होते. १९९६ चं नोबेल तिघा प्राध्यापकांना मिळालं, ते असो. वजनाइतका पदार्थ हाती आला तो १९९० मध्ये, क्रॅचमर आणि हफमन यांनी हेलियममध्ये ग्रॅफाइटच्या कांड्या विजेच्या प्रवाहानं तापवून त्यांची वाफ केली तेव्हा.

ही काजळी टोल्युईनमध्ये ढवळून गाळा. कोळशाची पूड आणि सिलिका जेल भरलेल्या कॉलमवर ओता. आधी जांभळा द्राव उतरतो, तो सी-६०. मागून तांबूस, तो सी-७०. मोठा रेणू कोळशाला जास्त का चिकटतो? इथे चर्चा सुरू होते. जांभळ्या द्रावाच्या कार्बन एनएमआरमध्ये रेणूची एकच रेघ येते, कारण साठही अणू अगदी सारख्या जागी बसलेत. सी-७० च्या पाच येतात. फळ्यावर रुक्ष वाटणारी सममिती अशी स्वतःच्या बाटलीतून बाहेर पडते.

पुढे रेणूतल्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जापातळ्या काढायची ह्युकेलची पद्धत. ब्युटाडाईन कागदावर सोडवलेला विद्यार्थी साठ अणूंचं गणित संगणकावर मांडू शकतो. सर्वांत खालच्या रिकाम्या पातळीवर सारख्या ऊर्जेची तीन ऑर्बिटल्स निघतात. तिथे सहा इलेक्ट्रॉन मावतील का? १९९२ मध्ये प्रयोगानं दाखवलं, मावतात. मग आपल्या कॉलेजच्या साध्या उपकरणावर किती दिसतील, हा तिसऱ्या वर्षाचा चांगला प्रकल्प आहे.

अडचणी आहेतच. टोल्युईनला फ्यूम हूड हवं, एनएमआरसाठी विद्यापीठाची पायरी चढावी लागेल. पण यूव्ही स्पेक्ट्रोफोटोमीटर पुष्कळ कॉलेजांत असतो, आणि वापरलेलं टोल्युईन ऊर्ध्वपातन करून परत मिळवणं हेही प्रॅक्टिकलच.