लेकराच्या उपचारासाठी परराज्यात
(जबलपूरच्या गोहलपूर भागातील कामगारांपुढे केलेले भाषण)



कॅन्सर झालेल्या मुलाला मुंबईला न्यायचे तर रेल्वेत स्लीपर आणि एसी थ्री-टियरला त्याचे भाडे पूर्ण माफ आहे, सोबत्याला 75 टक्के सवलत. म्हणजे गाडीचे भागते. खरी ओढाताण परळला टाटा रुग्णालयाच्या दारात सुरू होते. मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरचा उपचार दोन-अडीच वर्षे चालतो! दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा, 2006 पासूनची सेंट ज्यूडची केंद्रे यांचा मोठा आधार आहे. पण रजेचे काय? केंद्र सरकारी नोकरीतल्या आईला सबंध सेवेत 730 दिवस बालसंगोपन रजा मिळते. बापाला मात्र तो एकटाच पालक असेल तरच. आमच्या ट्रॅकमनने, पोस्टमनने काय करावे?

आणि ग्रामीण डाकसेवक? त्याला सीजीएचएस नाही, रेल्वेसारखे रेफरलही नाही. टपाल तेच, पिशवीही तीच.

आमची मागणी सरळ आहे: गंभीर आजारी मुलाच्या बापालाही ही रजा द्या, डाकसेवकाच्या कुटुंबाला औषधोपचाराचे संरक्षण द्या. तोवर प्रत्येक शाखेने एक माणूस नेमावा. सवलतीचा फॉर्म, रेफरलचे कागद, मुंबईतल्या मुक्कामाची चौकशी त्याने पाहावी. गोहलपूरसाठी कोण, ते नाव आत्ताच लिहून घेऊ.