लष्करी रायफल घेण्यापूर्वी



पेण हे गणपतीचे गाव. येथे बंदुकीवर बोलावयास उभे राहावे, याची आमची आम्हांलाच जरा गंमत वाटते. पण रंगाखाली भेग दडते हे पेणकरांना सांगावयास नको, आणि जुन्या रायफलीचेही तसेच आहे.

मागे रोह्याकडील एका शेतकरी स्नेह्यांनी आम्हांस बोलावून घेतले. त्यांच्यापाशी पीकसंरक्षणाचा परवाना होता आणि कोणी एक गृहस्थ ‘लष्करातली, अगदी मजबूत’ रायफल स्वस्तात देऊ करीत होते. आम्ही पहिला प्रश्न केला, काडतूस कोणते? कारण खरी लष्करी थ्री-नॉट-थ्री साध्या परवान्यावर घेताच येत नाही. सैन्याचे ते काडतूस जिच्यात बसते, ती रायफल कायद्याने निषिद्ध वर्गात जाते. म्हणून तर इंग्रजांच्या काळी खाजगी माणसासाठी .३१५ चे वेगळे काडतूस आले. पुढे ईशापूरच्या सरकारी कारखान्याने .३१५ ची रायफल काढली, तिचा बोल्ट आणि सांगाडा जुन्या ली-एनफील्डच्याच धाटणीचा. विकणारे तिला ‘लष्करी’ म्हणतात ते यामुळे. ही त्यांतलीच निघाली.

मग बोल्ट काढून नळी मागच्या बाजूने उजेडाकडे धरून पाहिली. आतले आटे ठसठशीत होते; तोंड मात्र झिजलेले. दोरीला चिंधी बांधून नळी साफ करण्याची जुनी रीत. दोरी एकाच अंगास घासत राहिली की तोंडाची गोलाई जाते आणि नेम चुकतो. लाकूड सोडवून पाहिल्याशिवाय तर कोकणात रायफल घेऊच नये. वरून तेल लावून चकचकीत केलेली नळी लाकडाखाली पावसाळ्यांनी खाल्लेली असते.

शेवटी आकडे पाहिले. बोल्टावरचा वेगळा, आणि सांगाड्यावरच्या आकड्यातले दोन अंक कानशीने घासलेले! कारखान्यात बोल्ट त्या त्या सांगाड्याला जुळवून बसवीत. परका बोल्ट घातला की काडतुसाच्या बुडामागे फट जास्त राहू शकते. मग बार उडताना काडतूस फाटून तप्त वायू नेमबाजाच्या डोळ्यांवर येण्याचे भय. ही फट नुसत्या नजरेस कळत नाही, जाणत्या कारागिराने गेज लावूनच पाहावी लागते.

घासलेल्या अंकांची गोष्ट याहून वाईट. १९५९ च्या शस्त्र कायद्याप्रमाणे खोडलेल्या क्रमांकाचे हत्यार ज्याच्यापाशी सापडेल, त्यानेच ते खोडले असे धरतात. तसे नाही हे त्याने सिद्ध करावयाचे. शिवाय खाजगी विक्रीपूर्वी विकणाऱ्याने जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा पोलीस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. या गृहस्थांना दोन दिवसांत पैसे हवे होते. आम्ही रायफल खाली ठेवली.

स्नेही रागावले. भात पोटरीला आले होते आणि रानडुकरे रोज रात्री शेतात. (परवाना असला तरी १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे डुकरावर गोळी झाडण्यास निराळी परवानगी लागते, हे कितीकांच्या गावीही नसते!) त्या हंगामात त्यांनी माळ्यावर बसून डबे बडवीत भात राखले. थोडे गेलेच. आमच्याशी बोलणे शिमग्यापर्यंत बंद होते.