फरशीचा जबाब



महाडमध्ये सुरक्षिततेवर बोलायचे म्हटले की मोठेच विषय पुढे येतात. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरचा पूल वाहून गेला. २२ जुलै २०२१ ला शहर पाण्याखाली आणि तळिये गाव दरडीखाली गेले. औद्योगिक वसाहतीतल्या आगी तर आपण पाहिल्याच आहेत. यांच्या पंक्तीला ‘पाय घसरणे’ हा विषय अध्यक्षीय भाषणाला शोभत नाही, असे कोणाला वाटेल. वाटू द्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जगात दर वर्षी सुमारे ६ लाख ८४ हजार माणसे पडून दगावतात. त्यात घरात पडलेले वृद्ध पुष्कळ, हे खरे. पण ओली फरशी तरण्यालाही सोडत नाही.

माझी तक्रार चौकशीच्या पद्धतीबद्दल आहे. माणूस पडला की आपण त्याचा जबाब घेतो, फरशीचा घेत नाही. शेरा ठरलेला: ‘कामगाराचे लक्ष नव्हते.’ उपायही ठरलेला: ‘सावकाश चाला’ अशी नवी पाटी. आपण सगळे ज्यावर शिकलो त्या १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे ३२ वे कलम काढून बघा. फरशा, पायऱ्या, जिने, जाण्यायेण्याच्या वाटा पक्क्या हव्यात, त्यांवर अडथळा किंवा पाय घसरवणारा पदार्थ नको, असे ते सांगते. कामगाराच्या नजरेबद्दल त्या कलमात अक्षर नाही.

आता आपल्या पावसाचे बघू. पोलादपूरकडचा शेतकरी जून लागायच्या आत दारापुढे दगड मांडून वाट करतो. आपण काय करतो? शेडच्या पागोळ्या नेमक्या दारासमोर पडतात, तिथे शेवाळ धरते आणि दोन पावलांवर आत घोटून गुळगुळीत केलेला कोबा. पाळी बदलताना सगळे गमबूट तिथूनच आत येतात. कोण पडेल ते सांगता येत नाही, कुठे पडेल ते मात्र खडूने आखून दाखवता येते. पन्हळ, फरशीचा ढाळ, जाळीचे गटार ही मे महिन्यातली कामे. जुलैत हाती उरते ते फक्त पोते अंथरणे, आणि मग त्या पोत्यातच पाय अडकतो.

रसायनाच्या कारखान्यात आणखी एक भर. कॉस्टिकचा ओघळ दिसतो पाण्यासारखा, पायाखाली येतो साबणासारखा. त्यावर नुसता होज मारला आणि ढाळ नसला, तर तो धुतला जात नाही, पसरतो. पडणारा माणूस हाताला येईल ते धरतो. हाताशी गरम पाइप आहे की व्हॉल्व्ह, हे तो निवडत नाही. शिवाय त्या फरशीवर सर्वांत जास्त वेळ असतात ठेकेदाराकडच्या सफाईच्या बाया, पायात साध्या स्लिपर घालून. गमबूट वाटपाच्या यादीत त्यांची नावे कितीदा असतात, हे ज्याचे त्याने तपासावे.

हे सारे कागदावर का येत नाही? दुखापतीने माणूस ४८ तास कामाला मुकला तर कळवायचे, असा त्या कायद्याचा दंडक. म्हणून सुजलेल्या घोट्याचा माणूस दुसऱ्या दिवशी टाइम ऑफिसात खुर्चीवर बसवलेला असतो. हजेरी लागली, अपघात मिटला! खरी नोंद शोधायची तर प्रथमोपचाराची वही उघडा. क्रेप बँडेज कुठल्या विभागात, कुठल्या पाळीला, कुठल्या महिन्यात गेले, एवढे लावून पाहिले तरी फरशी बोलू लागेल.

म्हणून उद्याच्या सत्रासाठी एक ठराव ठेवतो. अपघाताच्या फॉर्मवर ढाळ कसा होता, उजेड किती होता, काय सांडले होते आणि केव्हापासून, हे चार रकाने असावेत आणि ते कामगाराच्या जबाबाआधी भरले जावेत. सूचक मी आहे. अनुमोदक व्यवस्थापनाच्या बाजूच्या खुर्च्यांतून आला तर जास्त बरे.